खळ्यातली गोफण

"दे इकडे," गोदत्त आजा म्हणाला.

मी गोफण त्याच्या हातात दिली. त्याने ती डोळ्यांजवळ नेली नाही, नाकाजवळ नेली. खळ्यात उतरणाऱ्याच्या हत्याराला विष लावलेलं नाही ना, हे आमच्याकडे हुंगून बघत. आज्याने अंबाडीची दोरी हुंगली, मधली झोळी हुंगली आणि झोळीत गुंडाळलेल्या गोट्यासकट गोफण मला परत दिली. मग वेण्हूमामाचा कोयता हुंगला.

"खैराचा वास येतोय."

"खैरच तोडतो मी त्याने," मामा म्हणाला. "आज जरा कोवळं लाकूड आहे."

खळ्याच्या त्या बाजूला बसलेली खैरवाडची माणसं हसली. मामा त्यांच्याकडे वळला. त्याने डाव्या हाताला कोपरापर्यंत घोंगडी गुंडाळली होती.

"आजा, खळ्यात गोफण कशाला? पाखरं बोलावलीत का?"

"एक आलंय," मी म्हणाले.

आता आमची माणसं हसली. मामा हसला नाही. खळं म्हणजे सारवलेली गोल जमीन, मधे बैल बांधायची मेढ. मळणीच्या वेळी मेढीभोवती बैल फिरतात. मळणी संपून गेली होती आणि त्या मेढीला माझा भाऊ खंद बांधलेला होता.

आम्ही घाटमाथ्यावरचे, बोरठाणचे. ओढ्यापलीकडे उतारावर खैरवाड. पतिठाणच्या राजाची माणसं घाट उतरणाऱ्या तांड्यांकडून कर घ्यायला यायची आणि निघून जायची. डोंगरात कोण मेलं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्याचा निवाडा आम्ही खळ्यात करायचो, दोन्ही गावं मानत त्या गोदत्त आज्यासमोर.

मेला होता सिवल, मामाचा एकुलता एक मुलगा. वरई भरात असताना तो गुरं घेऊन ओढा ओलांडून आला आणि गुरं आमच्या पिकात शिरली. खंद राखणीच्या माळ्यावर होता. त्याने गोफण फिरवली. गोटा सिवलच्या कानामागे लागला.

आमच्या डोंगरात गोटा सोडण्याआधी हाळी द्यायची असते. हो-हो-हो अशी लांब हाक. ती ऐकली की पिकात असलेला माणूस खाली बसतो. हाळी देऊन टाकलेल्या गोट्याने कोणी मेलं, तर ते त्याचं नशीब. हाळी न देता टाकलेल्या गोट्याने मेलं, तर तो खून. खंद म्हणाला, दिली. खैरवाड म्हणालं, नाही दिली. ऐकणारं तिसरं कोणी पुढे आलं नाही. मग खळ्याशिवाय मार्ग नव्हता.

खंद स्वतः उतरू शकत नव्हता. खैरवाडच्या लोकांनी त्याला धरलं तेव्हाच त्याचा खांदा निखळवला होता. त्याच्या चुलीवर जेवणाऱ्या कोणीही त्याच्या जागी उभं राहावं, अशी रीत होती. आमच्या चुलीवर तीनच माणसं जेवायची. मी, खंद आणि आई.

आई पाण्याचा घडा घेऊन खळ्याच्या कडेला बसली होती. आमच्या लोकांत नाही, त्यांच्या लोकांतही नाही, मधल्या मोकळ्या जागेत. वेण्हूमामा तिचा सख्खा भाऊ. त्यांच्या घरात आता ती दोघंच उरली होती. खळ्यात पडलेल्याला पाणी त्याच्या जन्मघरच्या माणसाने द्यायचं, बाकी कोणी खळ्याभोवतीची रेघ ओलांडायची नाही. म्हणजे मी पडले काय किंवा मामा पडला काय, उठायचं आईलाच होतं.

"ऐका दोघं," आज्याने काठी आपटली. "जो मेला तो हरला. जो रेघेबाहेर गेला तो हरला. ज्याने 'सोडलं' म्हटलं, त्याने आपला हक्क सोडला. मग दुसऱ्याने हात उचलायचा नाही. उचलला तर तो खुनी. वेण्हू, तू सोडलंस तर खंद सुटेल. सामा, तू सोडलंस तर खंद मेढीलाच मरेल. कळलं?"

"मला कळलंय," मामा म्हणाला. "तिला विचारा. तिला उशिरा कळतं. शिकवताना बघितलंय मी."

ते खरं होतं. गोफण मला मामानेच शिकवली. माझा बाप गेल्यावर तो ओढा ओलांडून यायचा आणि माझ्या मागे उभा राहायचा. गोफणीचं एक टोक फासासारखं असतं, ते मधल्या बोटात अडकवायचं. दुसऱ्या टोकाला गाठ असते, ती अंगठ्याच्या चिमटीत धरायची. फेर पुरा झाला की चिमूट उघडायची, गाठ सुटते, गोटा जातो. उघडायचं कधी, एवढंच शिकायचं असतं. मामा मागून म्हणायचा, "सोड." मी सोडायचे. चुकलं की डोक्यात टपली. पुन्हा, "सोड." एका पावसाळ्यानंतर अशी वेळ आली की तो शब्द कानात पडायचा आणि चिमूट आपोआप उघडायची. मधे मी नसायचेच.

आज्याने काठी उचलली आणि तो रेघेबाहेर गेला.

मामा सरळ मेढीकडे गेला आणि खंदच्या शेजारी उभा राहिला, इतका जवळ की त्याची घोंगडी खंदच्या छातीला घासत होती.

"फिरव," तो मला म्हणाला. "भावाच्या डोक्यापासून सुरुवात कर."

मी फिरवली नाही. दोरी हाताला दोन वळसे देऊन आखूड केली आणि गोटा मांडीजवळ लोंबता ठेवला. लांब दोरीचा फेर खंदला लागला असता. आखूड दोरीने मारायचं तर कोयत्याच्या टप्प्यात जावं लागत होतं. मामाने ही जागा विचार करून निवडली होती.

"सामे," खंद म्हणाला, "त्याला इकडून हलव."

"गप्प राहा."

"माझ्या तोंडाजवळ कोयता आहे आणि गप्प राहा?"

"त्याला हाळी द्यायला सांग," मामा म्हणाला. "आता येते का बघू."

मी त्याच्या डाव्या बाजूने आत गेले. त्याने घोंगडीचा हात पुढे केला आणि कोयता खालून आणला. त्याचा डोळा माझ्यावर नव्हता, दोरीवर होता. दोरी तुटली की माझ्या हातात काहीच उरलं नसतं. मी दोरी मागे ओढली, कोयता तिला चाटून गेला. त्याच ओढीने गोटा वर आला आणि त्याच्या घोंगडीवर बसला. जाड लोकर होती. मामाने फक्त श्वास सोडला.

"बस एवढंच?" तो म्हणाला. "माझं पोर मारायला याहून जोर लागला असेल."

दुसऱ्या वेळी मी खाली वाकून त्याच्या गुडघ्यावर मारलं. गोटा लागला. तो लंगडत एक पाऊल मागे आला, मेढीपासून सुटा. मी त्याच्या आणि खंदच्या मधे शिरले. आता खंद माझ्या पाठीशी होता. कोयत्याचं टोक माझ्या दंडातून गेलं, ते मला नंतर हाताला ओल लागली तेव्हा कळलं.

"सामे, रक्त," खंद म्हणाला.

"माझं आहे. तू घाबरू नकोस."

बोरठाणच्या बाया ओरडत होत्या. कोणीतरी मामाच्या मेलेल्या मुलाचं नाव घेऊन घाण बोललं. आज्याने तिकडे काठी रोखली. मामाचा चेहरा तेवढ्यात बदलला. तोवर तो मला मारायला आला होता. आता त्याला ते लवकर करायचं होतं.

मी हाताचे वळसे उलगडले, दोरी पूर्ण लांब केली आणि गोफण डोक्यावर घेतली. मामा थांबला. गोफण पूर्ण फिरत असली की कोणीही थांबतो. त्याने घोंगडीमागे डोकं घेतलं आणि वाट बघू लागला. माझ्याकडे एकच गोटा होता, हे त्याला दिसत होतं. तो गेला की मी रिकामी.

दोन फेर झाले. तिसरा अर्ध्यावर असताना मामा म्हणाला, "सोड."

ओरडला नाही. माझ्या मागे उभा राहून म्हणायचा त्याच आवाजात म्हणाला.

चिमूट उघडली. गाठ सुटली.

मामाने घोंगडी खाली केली, कोयता वर घेतला आणि तो सरळ आत आला.

गोटा गेला नव्हता. आदल्या दिवशी मी आंब्याच्या बुंध्यावर मारून बघितलं होतं. धरून ठेवायचं ठरवूनही हात दर वेळी उघडत होता आणि गोटा रानात जात होता. हाताला समजावण्यात अर्थ नव्हता. मी गोटा चामड्याच्या वादीने झोळीत शिवून टाकला आणि टाके दिसू नयेत म्हणून झोळी वरून दुमडली. आता एक टोक सुटलं तरी दुसरं माझ्या बोटात होतं. गोटा फेर पुरा करून आला आणि मामाच्या जबड्याखाली लागला.

तो पडला नाही. गुडघ्यावर आला. मी त्याच्या मागे गेले, दोरी त्याच्या गळ्याभोवती घातली आणि लोंबणारी गाठ पकडून त्याच चिमटीत घेतली. डाव्या हाताने त्याचं कोयत्याचं मनगट धरलं. गुडघा त्याच्या पाठीत रोवला आणि उजवा हात पिळला.

त्याच्या केसांना मळणीच्या धुळीचा वास होता. मी आणखी पिळलं. मला तेव्हा राग नव्हता असं मी म्हणणार नाही. मला तो मरायला हवा होता. शिकवलेल्या शब्दाने त्याने मला मारायला बघितलं होतं, आणि ती दोन माणसं एकच होती, हे मला सहन होत नव्हतं.

"आवळ!" खंद ओरडला. "आवळ, सामे!"

मामाच्या घशातून आवाज आला. "सोड..."

चिमूट उघडली.

दोरी सैल झाली आणि मामा तोंडावर पडला. त्याने श्वास ओढला, तो सगळ्या खळ्याला ऐकू आला. कोयता अजून त्याच्या मुठीत होता. मी उभी होते. माझ्या बोटातून गोफण लोंबत होती, आणि दंडातलं रक्त तिच्यावरून खाली ठिबकत होतं.

आमची माणसं उठली. "सोडलं म्हणाला! सोडलं म्हणाला!"

"कुठे म्हणाला?" खैरवाडही उठलं. "सोड म्हणाला तो! तिने ऐकलं आणि सोडलं! हरली ती!"

"अर्धा शब्द होता! गळा आवळलेला माणूस पुरा कसा बोलेल?"

"मग पुरा बोलू दे की!"

दगड उचलले गेले. गोदत्त आजा रेघेवर आला आणि त्याने दोन्हीकडे काठी फिरवली.

"खाली बसा! जो आत पाय टाकेल त्याचं गाव हरलं!"

ते बसले. आजा मामाकडे बघून म्हणाला, "वेण्हू. तू काय म्हणालास?"

मामा हातांवर उठला. जबडा एका बाजूला सुजला होता. त्याने आज्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"सोडलं," तो म्हणाला.

आमच्याकडे आरोळी उठली. आज्याने काठी आपटली.

"कोणी? कोणी सोडलं?"

मामा अजून माझ्याकडेच बघत होता. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तो मोजतोय. 'तिने सोडलं' म्हणायला त्याला काहीच लागत नव्हतं. ते खोटंही नव्हतं. माझा हात उघडलेला सगळ्यांनी बघितला होता. दोन शब्द, आणि खैरवाडची माणसं तिथेच खंदवर तुटून पडली असती. खंदलाही ते कळलं असावं, कारण तो पहिल्यांदा गप्प झाला.

"वेण्हू, मी विचारतोय."

"पाणी," मामा म्हणाला.

आज्याने आईकडे बघून मान हलवली. ती उठली, घडा कमरेवर घेतला आणि रेघ ओलांडून आत आली. माझ्याजवळून गेली. माझ्या दंडाकडे तिने बघितलं, पण थांबली नाही. मेढीजवळून गेली, तिथेही थांबली नाही. मामापुढे बसून तिने त्याच्या तोंडात पाणी ओतलं. अर्धं त्याच्या सुजलेल्या तोंडातून बाहेर आलं. ती बोलत होती. वाकून, त्याच्या कानाशी, हळू. मला ऐकू आलं नाही, कोणालाच आलं नाही. पाणी देताना बोलू नये अशी काही रीत नव्हती, कारण तसं कधी कोणी केलं नव्हतं.

मामाने एकदा तिच्याकडे झटकन बघितलं. वाटलं, आता तो तिला मारणार. कोयत्याची मूठ आवळली गेली. आई हलली नाही. आणखी काहीतरी म्हणाली, घडा पुन्हा त्याच्या तोंडाशी धरला आणि थांबली.

मामा पाणी प्यायला. मग त्याने कोयता जमिनीवर ठेवला.

"मी सोडलं," तो म्हणाला. "खंदवरचा हक्क. मी."

यानंतर जे झालं ते गावाला अजून आवडतं. खंदला सोडलं, खांद्यावर घेतलं, मलाही उचलायला आले. खळ्यात गोफण घेऊन उतरलेली बाई म्हणून मला अजून लांबून लोक बघायला येतात. गोटा कसा शिवला ते विचारतात. मी सांगते. तिथवरच सांगते.

खैरवाडची माणसं शिव्या देत निघाली. मामा मागे राहिला होता, त्याला गुडघ्यामुळे चालवत नव्हतं. आईने त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला होता. मी त्यांना ओढ्याच्या उतारावर गाठलं.

"आई, कुठे चाललीस?"

"घरी सोडते ह्याला."

"आणि मग?"

तिने मामाला दगडावर बसवलं आणि माझ्याकडे चार पावलं परत आली. तिच्या पदराला त्याचं रक्त होतं. आणि मघाशी माझ्याजवळून गेली तेव्हा लागलेलं माझंही.

"काय म्हणालीस त्याला पाणी देताना?"

"खरं ते."

"काय खरं?"

"त्या दिवशी मी या ओढ्यावर धुणं धूत होते. तो बघ माळा. इथून पाखरं उडालेली ऐकू येतात. खंदची हाळी आली नाही, सामा. गोटाच आला."

मला पहिल्यांदा सुचलं ते हेच, की आज्याने तिला कधी विचारलंच नव्हतं. आईची साक्ष मुलासाठी धरत नसत आणि भावासाठीही धरत नसत. ती दोन्हीकडची होती, म्हणून ती कुठलीच नव्हती.

"हे ऐकून त्याने सोडलं?"

"हे ऐकलं म्हणून सोडलं. इतके दिवस त्याला सगळे खोटा म्हणत होते. तूसुद्धा."

"मी त्याचा गळा आवळला होता. मी जिंकत होते."

"हो. आणि मग तुझा हात उघडला. तेव्हा खंद मेलाच होता, पोरी. ह्याने फक्त तसं म्हणायचं राहिलं होतं."

"आणि दुसऱ्यांदा वाकून काय म्हणालीस?"

दगडावरून मामाने आईला नावाने हाक मारली, "पुसे, चल. ऊन चढतंय." त्याला जबडा नीट हलवता येत नव्हता. माझ्याकडे त्याने तोंडही फिरवलं नाही. त्या दिवसानंतर तो माझ्याशी बोलला नाही आणि मीही त्याच्याशी बोलले नाही.

"त्याला म्हटलं, तुझं एक होतं ते गेलं," आई म्हणाली. "माझी दोन आहेत, ती राहू देत. तुझ्या घरी चूल पेटवायला मी येते."

"किती दिवस?"

"तो आहे तोवर."

"आणि आम्ही?"

"तुम्ही दोघं आहात," ती म्हणाली. "दंड बांध. हळद भर आत, नाहीतर सडेल." तिने मामाचा हात पुन्हा खांद्यावर घेतला आणि दोघं पाण्यात उतरली.

घरी आले तेव्हा खंद ओट्यावर बसला होता. शेजारणीने खांदा बसवून बांधला होता आणि समोर भाकरी ठेवली होती. डाव्या हाताने तो जेवत होता.

"आई कुठंय?"

"खैरवाडला."

"त्याला पोचवायला? कशाला? मरू द्यायचा होता रस्त्यात." त्याने तुकडा मोडला. "कधी येईल?"

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. काहीतरी दिसलं असावं, कारण तो चावायचा थांबला.

"काय झालं? काय म्हणाली ती?"

"जाऊन विचार," मी म्हणाले.

मामा त्यानंतर बराच जगला. आई त्याच्याआधी गेली. माझं येणंजाणं होतं. मामा बाहेर गेला की मी जायचे. उन्हाळ्यात ओढा कोरडा असतो, पलीकडे जाताना पायही भिजत नाहीत. आई दर वेळी माझ्या मागे वाटेकडे बघायची, कोणी आणखी येतंय का म्हणून.

खंद कधी गेला नाही.